उपक्रम होतात, मग शिकणे कुठे अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी-नववीला गणित आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक लिहितात की गेली दोन वर्षे ते वर्गात नेमाने कृती आणि उपक्रम घेत आहेत. मुले खूश असतात, परंतु त्याच धड्यावरील साधा प्रश्न चाचणीत आला की गोंधळतात. वर्गात ६२ मुले आहेत, मुख्याध्यापकांना अभ्यासक्रम मागे पडण्याची चिंता आहे आणि पालकसभेत "हे खेळ कशासाठी?" असे विचारले जाते. कृतीतून शिक्षण खरोखर होते का, आणि होत असेल तर आपले नेमके काय चुकते, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी बावीस वर्षे ग्रामीण माध्यमिक शाळांत कामातून शिक्षणाचे वर्ग घेतले, आधी निदेशक म्हणून आणि पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणात. त्यावरून माझा कयास असा आहे की आपल्या वर्गात कृती होते, पण तिच्या आधी मुलांना कागदावर काही ठरवावे लागत नाही आणि ती संपल्यावर कशाचा हिशेब द्यावा लागत नाही. हात कामाला लागले की डोके आपोआप लागते, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. तो खरा असता तर वीटभट्टीवर राबणाऱ्या प्रत्येक मुलाला भूमिती आणि उष्णतेचे शास्त्र आले असते.

एक प्रसंग जरा बारकाईने सांगतो. एका शाळेत रोपवाटिकेसाठी ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद अशी पत्र्याची शेड उभारायची होती. आखणीचे काम नववीच्या पंधरा मुलामुलींच्या गटाकडे दिले. त्यांच्याजवळ मोजपट्टी, चार खुंट्या, सुतळी आणि फक्की होती. अर्ध्या तासात त्यांनी खुंट्या ठोकल्या, फक्की मारली आणि हात झटकून उभी राहिली. चारही बाजू मोजून पाहिल्या तर बरोबर भरल्या. शेडच्या कामासाठी बोलावलेले गावातले गवंडीकाका कट्ट्यावर बसून हे सगळे पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "गुण्यात नाही हे," म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. मुले चिडली, कारण बाजू तर बरोबर होत्या. मी काकांना पुढे काही न सांगण्याची खूण केली आणि मुलांना विचारले की काका म्हणतात ते खरे की खोटे, हे त्यांना न विचारता कसे ठरवाल.

दहा-बारा मिनिटे नुसता वाद चालला. मग एका मुलीच्या लक्षात आले की समांतरभुज चौकोनाच्याही समोरासमोरच्या बाजू सारख्याच असतात. तेव्हा कर्ण मोजले. एक निघाला ५ मीटर १२ सेंटिमीटर आणि दुसरा ४ मीटर ८८. सातवीत पाठ केलेला पायथागोरसचा सिद्धान्त त्या मातीत पहिल्यांदा कामाला आला: ९ आणि १६ मिळून २५, म्हणजे दोन्ही कर्ण ५ मीटरच भरायला हवेत. एका बाजूच्या दोन खुंट्या १५ सेंटिमीटर सरकवल्यावर ते जुळले. कोन जेमतेम ३ अंशांनी चुकला होता, पण तेवढ्या चुकीवर पत्रे तिरके बसले असते, आणि ते मुलांना मी सांगण्याची गरज राहिली नव्हती.

खरी मजा त्यानंतर आली. काकांनी त्यांची ३, ४, ५ फुटांची दोरी काढून काटकोन कसा घेतात ते दाखवले. त्याच मुलीने विचारले की ५, १२ आणि १३ फूट घेतले तरी चालेल का. काका म्हणाले की तीस वर्षांत असे कधी केलेले नाही. दोरी ताणून कोपऱ्यात काकांचा लोखंडी गुण्या लावला, तर तो बरोबर बसला. काका जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मोठ्या पायाला हे बरे पडेल." जे काकांच्या हातात होते ते मुलांच्या डोक्यात नव्हते आणि जे मुलांच्या वहीत होते ते काकांना कधी कोणी सांगितले नव्हते, दोन्ही एका जागी आल्याशिवाय तो तास झाला असे मी मानले नसते.

आता याच प्रसंगाची दुसरी बाजू, जी मी प्रशिक्षणात आवर्जून सांगतो. पुढच्या शनिवारी या गटाला एक छोटी चाचणी दिली. खोलीच्या दोन कर्णांची मापे देऊन ती काटकोनात आहे का असे विचारले होते. बहुतेकांनी सोडवले, तीन जणांना काहीच सुचले नाही. चौकशी केल्यावर कळले की ते तिघेही पूर्ण वेळ सुतळीचे टोक धरून उभे होते. त्यांचे हात कामात होते, ते उन्हात घामाघूम झाले होते, बाहेरून पाहणाऱ्याला त्यांचा सहभाग दिसला असता. परंतु एकही निर्णय त्यांच्याकडे नव्हता. आपल्या वर्गातील ६२ मुलांपैकी अशी टोक धरणारी किती असतील, याची मोजणी आपण एकदा करावी अशी माझी विनंती आहे. माझ्या अंदाजाने आपल्या चाचणीतील निकालाचे बरेचसे उत्तर तिथेच मिळेल.

अनुभव आला म्हणजे शिक्षण झाले असे नाही, हे अनुभवाधारित शिक्षणाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता मानल्या जाणाऱ्या जॉन ड्यूई यांनी १९३८ सालीच स्पष्ट लिहून ठेवले आहे; काही अनुभव तर पुढच्या शिकण्याची वाट अडवतात, असेही त्यांचे म्हणणे होते. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा अभ्यासकांनी एक गाजलेला लेख लिहून असे मांडले की नवशिक्या विद्यार्थ्याला फारसे मार्गदर्शन न करता "तूच शोध" म्हणून सोडून दिले तर तो फारसे शिकत नाही. त्या लेखावर पुष्कळ वाद झाले, परंतु वर्गावर उभे राहणाऱ्याने त्यातला इशारा घ्यावा असे मला वाटते. याच्या उलट २०१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की स्वतः प्रश्न सोडवत शिकलेले विद्यार्थी प्रत्यक्षात जास्त शिकले होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते, कारण गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते. तेव्हा मुलांना मजा आली की नाही, किंवा मुलांना काय वाटले, हा शिकण्याचा पुरावा धरू नये.

मग करायचे काय? माझा सगळा भर दोन गोष्टींवर असतो. कामाला हात लावण्याआधी प्रत्येक मुलाने स्वतःच्या वहीत आकड्यात अंदाज लिहायचा, आणि काम झाल्यावर प्रत्यक्ष आकडा त्याच्याशेजारी लिहून फरक का पडला याची दोन वाक्ये लिहायची. अंदाज खोडायचा नाही, हा नियम कडक पाळावा लागतो, कारण आपल्या मुलांना चुकलेले उत्तर वहीत राहू देण्याची सवय नसते. ती रबर घेऊन येतात. पहिले दोन महिने मी वर्गात शाईचे पेनच चालवतो.

या फरकाच्या रकान्यात किती काही दडलेले असते, याचे चिक्कीचे उदाहरण घ्या. आठवीच्या मुलांनी शाळेच्या कार्यक्रमासाठी चिक्की करायला घेतली. एक किलो शेंगदाणे १४० रुपयांचे आणि ८०० ग्रॅम गूळ ४० रुपयांचा. १८० रुपयांत १८०० ग्रॅम चिक्की होईल, म्हणजे किलोला शंभर रुपये पडतील, आपण एकशे दहाने विकू, असा त्यांचा अंदाज होता. दाणे भाजून फोलपटे पाखडल्यावर ९२० ग्रॅमच उरले. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून तो कटकन मोडेपर्यंत गूळ आटवावा लागला, थोडा कढईला आणि पोळपाटाला चिकटला; हाती आली १६९० ग्रॅम. गॅस, तूप आणि बांधणीचा कागद धरून खर्च २०० रुपयांवर गेला आणि विक्री झाली १८६ रुपयांची. शेकडा ७ तोटा. नफा-तोट्याचे प्रकरण मी त्या वर्गाला पुन्हा वेगळे शिकवले नाही. मात्र तो हिशेब मांडायला एक पूर्ण तासिका दिली, आणि ती दिली नसती तर "आम्ही शाळेत चिक्की केली" एवढीच आठवण मागे राहिली असती. किंमत किती ठेवली असती तर शेकडा १५ नफा झाला असता, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या आकड्यांवर सोडवताना वर्गात जी शांतता होती ती मला चाचणीच्या वेळीही क्वचित मिळते.

हे सगळे नवे नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन समितीने उद्योगाच्या माध्यमातून शिक्षणाचा आराखडा केला आणि नई तालीम सुरू झाली. बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे घेऊन बालशिक्षण उभे केले. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. तरीही आपल्या शाळांत कार्यानुभवाचा तास म्हणजे क्रेप कागदाची फुले आणि आइसक्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड, असे का झाले? माझ्या मते त्या वस्तूंची कोणाला गरज नव्हती. फूल वाकडे झाले तरी काही बिघडत नव्हते, त्यामुळे ते का वाकडे झाले हे विचारण्याचे कारणच उरले नाही. शेड गुण्यात नसेल तर पत्रा बसत नाही; पत्रा कोणाचीही भीड धरत नाही.

हीच गोष्ट ओळखून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा अभ्यासक्रम उभा राहिला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. आठवड्यातून एक दिवस मुले प्रत्यक्ष काम करतात, गावातील हुन्नरी माणसे निदेशक म्हणून शिकवतात आणि मुले गावाला लागणाऱ्या सेवा पैसे घेऊन पुरवतात. या शेवटच्या गोष्टीवर शिक्षकांचा आक्षेप असतो की शाळेत पैसा कशाला. पण ज्याच्या घरचा बोर्ड दुरुस्त केला तो माणूस पैसे देताना बटण दाबून पाहतो, आणि इतका प्रामाणिक परीक्षक शाळेला दुसरा मिळत नाही.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचाही इथे उल्लेख केला पाहिजे. १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेला हा कार्यक्रम सरकारी शाळांतून तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. मुले चार-चारच्या टोळ्या करून प्रयोग करत, शाळेला साहित्याची पेटी मिळे, हे तर होतेच. पण दोन गोष्टी मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे परीक्षा बदलली होती: पुस्तक आणि वही उघडी ठेवून उत्तरे लिहायची, शिवाय प्रात्यक्षिकाची वेगळी परीक्षा. दुसरी म्हणजे शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठका, ज्यात वर्गात फसलेला प्रयोग घेऊन शिक्षक येत. आपण एकटे हे करत आहात, हेच आपल्या थकव्याचे मोठे कारण असावे. आसपासच्या शाळांतील दोन-तीन शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसू शकलात तर पहा.

६२ मुलांचा प्रश्न खरा आहे आणि "इच्छा असेल तर सगळे होते" असे उत्तर मी देणार नाही. साहित्य लागणारी कामे पंधरा-सोळाच्या चार गटांत विभागूनच करावीत. एक गट कामावर, एक गट मागच्या कामाच्या हिशेबावर आणि दोन गट वर्गात नेहमीच्या स्वाध्यायावर, असे चक्र चार आठवडे फिरवावे. त्यासाठी दुसरा एक माणूस लागतो. सुतार, वायरमन, रोपवाटिका चालवणारी बाई, कोणीही चालेल, फक्त त्यांना "तुम्ही करून दाखवू नका, मुलांना करू द्या" हे आधी समजावावे लागते. पूर्ण वर्गाला एकदम करता येतील अशीही कामे आहेत. शाळेच्या विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर ७५ वॅटचा एकच पंखा चालू असताना तो मिनिटाला ४ वेळा लुकलुकला पाहिजे. तसा लुकलुकतो का? पाच पंखे लावले तर? पंख्याचा वेग निम्मा केल्यावर वीजही निम्मी लागते का, आणि जुन्या खोक्याच्या रेग्युलेटरपेक्षा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावल्यावर आकडा वेगळा येतो का? जुना रेग्युलेटर हाताला जाणवेल इतका गरम का होतो, हे तेव्हा मुलेच विचारतात. यासाठी एक घड्याळ पुरते आणि ६२ वह्यांत ६२ अंदाज लिहून होतात.

अभ्यासक्रमाबाबत मी आपल्या मुख्याध्यापकांशी अर्धा सहमत आहे. प्रत्येक धडा कृतीतून शिकवण्याचा हट्ट धरू नये. संयुजा, अणूची रचना, गुणसूत्रे यांना हाताने भिडता येत नाही. तिथे चांगले समजावून सांगणे हाच उत्तम मार्ग आहे आणि त्यात कमीपणा नाही. थर्माकोलची पेशी रंगवणे ही हस्तकला आहे, विज्ञान नव्हे. आणि प्रकल्पाच्या आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळणारा ज्वालामुखी तर हस्तकलाही नाही, तो पालकांच्या खिशाचा प्रकल्प आहे. वर्षाला सहा ते आठ कामे निवडा, प्रत्येक काम गणित आणि विज्ञान यांच्या किमान तीन घटकांना भिडेल असे पहा, आणि बाकीचे वर्ग नेहमीसारखे घ्या. शेडच्या एका आखणीत चौकोनाचे प्रकार, पायथागोरस आणि मापनातील चूक असे तीन घटक गेले. त्यांच्या वाचलेल्या तासिका मुख्याध्यापकांना नियोजनाच्या वहीत दाखवता येतात.

मूल्यमापनासाठी वेगळी परवानगी लागत नाही. आठवीपर्यंतच्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प आधीपासून आहेत; अडचण एवढीच की ते रकाने आपण बहुधा मार्चअखेरीस एका बैठकीत भरतो. अंदाज आणि फरकाची वही ठेवली तर ते गुण वर्षभर आपोआप जमा होतात आणि तपासणीला दाखवायला कागदही तयार असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ते सहलीत घालवू नयेत, स्थानिक कारागिरांकडे काम करण्यासाठीच ते मुळात सुचवलेले आहेत. पालकांना मात्र भाषणाने पटत नाही. पालकसभेला मुलांच्या वह्या मांडा आणि चिक्कीचा तोटा मुलालाच समजावून सांगू द्या.

सुरक्षिततेबाबत एक कबुली. सुरुवातीच्या काळात माझ्याच देखरेखीखाली एक मुलगा बाजूला उभा राहून साध्या डोळ्यांनी वेल्डिंग पाहत राहिला. त्या वेळी काहीच झाले नाही. मध्यरात्री त्याच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू झाली आणि त्याचे वडील पहाटे माझ्या दारात उभे राहिले. दोन दिवसांत डोळे बरे झाले, पण काम करणाऱ्याला काच दिली आणि पाहणाऱ्यांना विसरलो, ही चूक माझी होती. तेव्हापासून पाहणारेही आडोशाच्या पलीकडे असतात. ओढणी बांधलेली, ग्राइंडरजवळ चष्मा आणि बंद बूट, मुले वापरतील त्या प्रत्येक वीजजोडणीला धक्का बसताच प्रवाह तोडणारा स्विच आणि तपासलेले अर्थिंग, यांत तडजोड करू नका. एवढी सोय नसेल तर विजेची आणि वेल्डिंगची कामे यंदा वगळा. मोजणी, स्वयंपाक आणि रोपवाटिका यांवर वर्ष सहज निघते.

जूनमध्ये सुरुवात करणार असाल तर तीन-चार मोजपट्ट्या, एक तोलकाटा, ओळंबा, गुण्या, पातळी पाहण्यासाठी दहा मीटर पारदर्शक नळी आणि दोन तापमापी एवढे पुरे आहे. हे सगळे प्रयोगशाळेच्या कुलूपबंद कपाटात ठेवू नका. वर्गातल्या लोखंडी पेटीत ठेवा, झाकणाच्या आतून यादी चिकटवा आणि किल्ली दर आठवड्याला एका गटाकडे द्या. पहिल्या वर्षी एखादी मोजपट्टी तुटेल आणि एक तापमापी नक्की फुटेल. त्याचे पैसे आधीच अंदाजपत्रकात धरा, आणि तो आकडाही मुलांकडूनच काढून घ्या.